शेवटची टाइल

२ मार्च
बाबा एकदा म्हणाले होते, नव्या घरात शिरताना सगळे फरशी बघतात, तू छत बघ. आज आल्या आल्या मान वर केली आणि हसूच आलं. जुनं छत ओलीनं फुगून पोटुशा बाईसारखं खाली आलंय. नोकरी सीलिंगच्या टाइल्स विकायची आणि राहायला हे! दुकानावरच्या दोन खोल्या आहेत, उजेड मात्र भरपूर. लेकीनं खिडकीची जागा पटकावली. वय सातचं, हक्क सत्तरीच्या सासूचा.

५ मार्च
मालकांनी दुकानातल्याच कॅल्शियम सिलिकेटच्या टाइल्स दिल्या. गिऱ्हाइकांना मी दिवसभर हेच सांगते: ओल लागो, वाफ लागो, ही फुगत नाही, वाकत नाही. मिस्त्रींनी पट्ट्यांच्या चौकटीत एकेक टाइल अलगद ठेवली. शेवटची ठेवण्याआधी भोकात तोंड घालून विचारलं, वर कुणी राहिलंय का? त्यांच्यात तशी रीतच आहे म्हणे. लेक खालून ओरडली, हो, मी राहिलेय! मी हसले. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, ताई, उत्तर आलं की एवढी जागा उघडी ठेवायची; राहिलेल्याला खाली यायला वाट लागते. आणि सामान आवरून चालते झाले.

६ मार्च
डोक्यावर काळं भोक घेऊन कोण राहील? दुकानातली शिडी आणून टाइल मीच बसवली. बसवताना लेकीचा आवाज आला, आई, अंधार झाला. खोलीत तर लख्ख ऊन होतं.

९ मार्च
लेक हल्ली भांडत नाही. दूध मुकाट्यानं पिते. शेजारच्या काकू म्हणाल्या, इतकी गुणी पोर कुठून आणलीत, आमच्या दोघा पोरांना जरा वळण लावायला पाठवा. मी हसले खरी. लेकीच्या केसांत पांढरी पूड असते. झटकते, पुन्हा येते.

१२ मार्च
तिच्या पलंगावरची टाइल वाकली आहे. हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत. ही ओलीनंही वाकत नाही. म्हणजे वर वजन —

१३ मार्च
वाक सरकतोय. मी स्वयंपाकघरात गेले, तो तिथवर आला. परत फिरले, परत आला. माझ्या मागे मागे, पदर धरून आल्यासारखा. लेक चित्र काढत बसली होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

१४ मार्च
मिस्त्रींना फोन केला. त्यांनी विचारलं, बंद कुणी केली? मी, म्हटलं. मग म्हणाले, ताई, टाइल काढा. पण खाली जी आहे, तिला कळू देऊ नका.

१५ मार्च
भर दुपारी वरून — आई, माझा पाय अवघडलाय. तोच आवाज. चिडका, हक्काचा. माझ्या लेकीचा.
आणि ही समोर बसून दूध पीत होती.
काकूंकडे खेळायला जा म्हटलं. नाही म्हणाली. किती गोड म्हणाली.

१६ मार्च
शिडी लावली. वळून पाहते तर ही पहिल्या पायरीवर बसलेली. उचलायला गेले — उचलवत नाही. एवढीशी पोर, आणि जागची हलत नाही.
वर नखांचा आवाज. मंद होत चाललाय. दमलीय ती —
आता हिच्यापुढे गुडघे टेकते. ही हलणार नाही, कळतंय मला. तरी एकदा हात जोडून — बाळा, जरा बाजूला हो, मला वर जाऊ —