बफेलो, पिट्सबर्ग आणि मध्ये बाबा

सोमवार, १२ नोव्हेंबर १९५६

मेले तरी बाबांना सुट्टी नाही! तुझ्झोच्या अंत्यसंस्काराच्या दालनात निळ्या सुटात, केसांना तेल लावून निजलेत. उजवीकडच्या खुर्च्यांवर बफेलो, डावीकडच्या खुर्च्यांवर पिट्सबर्ग.

बफेलोहून लिबोरिओकाका आलेत. बरोबर चार माणसं आणि दारातून आत न शिरणारा फुलांचा क्रूस. पिट्सबर्गहून मेल्कियोरेकाका. पाच माणसं आणि फुलांचं घड्याळ, काटे मृत्यूच्या वेळेवर थांबवलेले. वेळ चुकली आहे. बाबा काल सकाळी सहाला गेले, घड्याळात साडेचार. सांगितलं नाही. फुलांचे काटे कोण सरकवत बसणार?

दोन्ही काका एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही — ओळख नाही. यांच्या टोळ्यांत आपण होऊन 'मी अमुक' असं सांगायचं नसतं. दोघांना ओळखणाऱ्या तिसऱ्याने समोरासमोर आणून 'हा आपल्यातला' म्हणायचं. तोवर परके. पेपरात एकमेकांचे फोटो पंचवीस वर्षं बघितले तरी परकेच. दारूबंदीच्या काळात सरोवरापलीकडून चोरटी दारू यायची तेव्हा असे तिसरे गावोगाव होते. काही म्हातारपणाने गेले, काही म्हातारे व्हायच्या आत. उरले एकटे बाबा. वाइनची द्राक्षं विकायला दर वर्षी दोन्हीकडे जायचे आणि इकडचा निरोप तिकडे द्यायचे. त्या दोघांची भेट मात्र कधी घालून दिली नाही. दिली असती तर दुसऱ्या दिवशी बाबांना कोण विचारणार होतं?

लहानपणी मी गाडीत पुढे बसायचे. मुलगी बरोबर असली की पोलीस थांबवत नसत. त्यामुळे या दोन्ही काकांच्या स्वयंपाकघरांत मी दूध प्यायले आहे.

मला अजून रडू आलेलं नाही. आगाता आत्या माझ्या वाटचंही रडते आहे. आवाज चांगला आहे.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे.

दुपारी लिबोरिओकाका उठले, पेटीपाशी गेले, बाबांच्या हातावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बाल्दो, एरीच्या गोदीचं आता कसं करायचं रे? आमचं म्हणणं, नाताळच्या आत ठरवावं."

बसले. जरा वेळाने मेल्कियोरेकाका उठले. गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली. "बाल्दो, तुझ्या पाहुण्यांना सांग, घाई कशाला? बर्फ वितळू दे."

पुन्हा लिबोरिओकाका! "बाल्दो, बर्फ वितळेपर्यंत क्लीव्हलंडवाले गोदीत येऊन बसतील, हे त्यांना कळतं का विचार."

"बाल्दो, त्यांना म्हणावं, आम्हाला कळतं. आम्ही काल जन्मलो नाही."

असं तासभर. बाबा मधे शांत. जिवंतपणीही ते असेच बसायचे, फक्त डोळे उघडे असायचे. फादर रोझरीची प्रार्थना म्हणायला आले तर दोघांनी एकदमच त्यांना हाताने थांबवलं.

गास्पारे माझ्या कानात म्हणाला, "ताई, बाबांना पाणी विचारू का? घसा सुकला असेल." मी रुमालात तोंड घातलं. खांदे हलत होते. आत्या मागच्या बाईला म्हणाली, "शेवटी फुटला बांध पोरीचा."

बुधवार, १४ नोव्हेंबर

हसू पुरे.

उद्या दफन. मग यांनी बोलायचं कुणाकरवी? उपाय सापडलाय. आत्या आनंदाने सांगत आली. गास्पारेच्या बाप्तिस्म्याला लिबोरिओकाका धर्मपिता म्हणून उभे होते, पुढे दृढीकरणाच्या संस्काराला मेल्कियोरेकाका. दोघांना ओळखणारा पुरुष तोच एक उरलाय. नाताळात त्याला रीतसर 'आपल्यात' घेणार, मग तो दोघांची ओळख करून देणार. "बापाची जागा मिळतेय, फिना! बाविसाव्या वर्षी!"

"त्याची रॉचेस्टरला भिंगांच्या कारखान्यात दोन जानेवारीला नेमणूक आहे," मी म्हटलं.

"काचा घासायला? बाल्दोचा मुलगा?"

हॉस्पिटलात बाबांनी शुद्धीवर असताना एवढंच सांगितलं होतं — "त्याला रॉचेस्टरला पाठव. आतल्या पोरांचं काय होतं ते मी बघितलंय, आणि पोरगा गेल्याचं ज्या आयांना सांगायला गेलो त्यांचीही तोंडं बघितलीत." मी हो म्हटलं होतं. बाबांना दिलेला माझा हा एकच शब्द आहे, एरवी त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

गास्पारेला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाला, "मला कुठे कोण विचारतंय?" आणि बूट पुसत बसला.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

बाबांना ठेवून आलो. माती गोठली होती, फावडं वाजत होतं. तेव्हा रडले.

मग चर्चखालच्या हॉलमध्ये जेवण. शेजारणींनी आणलेली मकरोनी, सॉसेज, वांगी. बफेलो खिडकीकडे, पिट्सबर्ग स्टोव्हकडे.

मी शाळेत गणित शिकवते. चौदा वर्षांत मुख्याध्यापिकेपुढेही आवाज चढवला नाही. पण आज उठले. लिबोरिओकाकांना म्हटलं, "काका, जरा या." ते आले — त्यांना वाटलं, बाथरूमचा नळ वगैरे बिघडला असेल. त्यांना हाताला धरून हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेलं. मेल्कियोरेकाका सॉसेज खात होते. म्हटलं, "मेल्कियोरेकाका, हे बफेलोचे लिबोरिओकाका. लिबोरिओकाका, हे पिट्सबर्गचे मेल्कियोरेकाका. दोघेही आपल्यातले."

काटेचमचे थांबले. मागे आत्याने कुठल्या तरी संताचं नाव घेतलं.

लिबोरिओकाका लाल झाले. "पोरी, हे बाईमाणसाचं काम नाही. तू केलेली ओळख धरता येत नाही."

"मग परत जा खिडकीपाशी," मी म्हटलं. "बाबा आता सहा फूट खाली आहेत. ओरडून विचारा."

मेल्कियोरेकाकांनी तोंडातलं सॉसेज गिळलं. मला वाटतं ते हसू दाबत होते. त्यांनी वर बघितलं. गास्पारे मकरोनीचा ट्रे घेऊन माझ्या मागे उभा होता.

"लिबोरिओ," ते म्हणाले — नावाने! — "मला या बाजूने ऐकू कमी येतं. आत्ता बोललं कोण? मुलगा ना?"

लिबोरिओकाकांनी छताकडे बघत विचार केला. "मुलगाच. मी स्वतः ऐकलं."

"बाल्दोचा मुलगा."

"बापासारखाच आवाज."

आणि हातात हात! गळाभेट! दोन्हीकडची नऊ माणसं टाळ्या वाजवत उठली. गास्पारेच्या हातातला ट्रे कुणीतरी घेतला आणि त्याचेच गालगुच्चे घेतले.

घेऊ देत. ओळख झाली. आता नाताळात त्याला 'आत' घ्यायचं कारण उरलं नाही. बाबा, झालं काम.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

नऊपर्यंत झोपले. आत्या माझ्याशी बोलत नाही. घरात किती शांत आहे!

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

न्हाव्याने गास्पारेला रांग सोडून खुर्चीत बसवलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "कसं रे जमवलंस तू? पंचवीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं." मी बाहेर पिशव्या घेऊन थांबले होते, दार उघडं होतं. आता हसेल, म्हणेल ताईने केलं — अशी वाट बघत होते.

म्हणाला, "काही नाही. फक्त वेळ बघायची आणि घाबरायचं नाही."

घरी येताना मी चिडवलं, "काय हो, बाबांचा आवाज!" हसला नाही. म्हणाला, "ताई, चारचौघांत तसं म्हणत जाऊ नकोस."

रविवार, २ डिसेंबर

आज दुपारी दोन गाड्या आल्या, एक बफेलोची, एक पिट्सबर्गची. मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी बोलले ती मी होते, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरने टोपी काढली, "हो बाई," म्हणाला आणि माझ्यामागून येणाऱ्या गास्पारेसाठी गाडीचं मागचं दार उघडलं.