यंदा लेणीवर मी नाही

सिडको, नाशिक
१२ एप्रिल २००४

प्रिय सिंधू,

माझं वाकडंतिकडं अक्षर बघून हसशील. हस मेली! पलंगावर बसून, मांडीवर सुनेचा पोळपाट घेऊन लिहितेय. तू मनमाडला लेकाकडे राहूनही अजून हापशावरून पाणी आणतेस, असं कळलं. आण बाई, कुणाचं ऐकू नकोस.

निफाडची द्राक्षबाग आठवते का गं? तारांखालून दिवसभर वाकून चालायचो. मुकादम ओरडला की तू त्याला अशी सुनावायचीस की तो बांधापलीकडे पळायचा. आणि दर बुद्धपौर्णिमेला एसटीनं नाशिकला येऊन पांडवलेणी चढायची. तरण्या पोरी अर्ध्यावर धापा टाकत बसायच्या, आपण वर वंदना म्हणून उतरायलाही लागायचो. काय तोरा होता आपला!

सुनीलनं फ्लॅट घेऊन मला इकडं आणलं, ते तुला ठाऊकच आहे. मजुरीवरून पाय ओढत येणारी आई त्यानं लहानपणी पाहिलेली. पहिल्याच दिवशी माझ्या हातातला झाडू काढून घेतला, म्हणाला, आई, आता तू इकडची काडी तिकडं करायची नाहीस. भाजीला जायचं नाही, जिना एकटीनं उतरायचा नाही. पाणी हातात, ताट खुर्चीवर. शेजारणी म्हणायच्या, पुतळाबाई, नशीब काढलंत. तू आलीस तेव्हा तूच एकटी त्याच्यावर खेकसलीस, की अरे हिला बसवू नकोस, हिचे पाय जातील. तो हसला. म्हणाला, मावशी, जन्मभर राबली ती, आता बसू दे की.

तू बोललीस तसंच झालं बघ. आधी उठताना हात टेकावा लागायला लागला, मग चालताना भिंत. थंडीत मोरीत तोल गेला आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तुला कळवू दिलं नाही मीच. आता वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जाते, तेवढंच. सून पल्लवी औषधं आणायला खाली गेली होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी, दिवसभर करत काय होता? म्हटलं, बसत होते. त्या म्हणाल्या, पायांना काम नसलं की त्यांची ताकद जाते, तोल जातो. हिंडत्याफिरत्या राहिला असता तर कदाचित पडलाही नसता. आता घरात चालाल, पण डोंगराच्या पायऱ्या नाही. मी त्यांचे हात धरले. म्हटलं, हे माझ्या लेकाला सांगू नका.

सुनीलनं मोरीची सगळी फरशी फोडून खरबरीत बसवली. त्याला वाटतं जुन्या गुळगुळीत फरशीनंच घात केला. ऑफिसातून आला की चहा प्यायच्या आधी माझे पाय चेपतो. या पोराला कुठल्या तोंडानं सांगू, की तुझ्या मायेनंच माझे पाय नेले? फार रडू येतं गं सिंधू. तो नसताना रडून घेते.

आता त्यानं मनात घेतलंय, पौर्णिमेला आईला पाठीवर घेऊन लेणी चढायची. सिंधूमावशीलाही बोलावू म्हणतो. तू येशील, मला अशी बघशील, आणि तुझी जीभ काय मला माहीत नाही? भर पायऱ्यांवर त्याला बोलशील. त्यात खोटं काही नसेल, म्हणूनच ते त्याच्या कानावर पडायला नको. तू येऊ नकोस. मी त्याला सांगितलंय की तुझंमाझं कडाक्याचं भांडण झालंय, आणि सिंधूशिवाय मी लेणीवर जायची नाही. त्याच्या पाठीवर ओझं होऊन मला चढायचंच नाही गं. तो नक्की मनमाडला येईल तुला समजवायला, हातापाया पडेल. त्याला घरात घेऊ नकोस. दारातूनच सांग की पुतळीचं तोंड मला मरेपर्यंत बघायचं नाही. त्याला खरं वाटेल असं सांग. मग तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तरी डोळ्यांत पाणी आणू नकोस.

भांडलेली, आणि तरी तुझीच,
पुतळा