सात टोकांचं पान

नागोया,
६ ऑक्टोबर १९८२

ती. योनेताईस,
धाकट्या केंसाकुचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

अक्रोड पोचले. निम्मे संपलेसुद्धा.

बातमी अशी की मी पानांच्या शिकारीला, म्हणजे शरदातली लाल पानं बघायला, जाऊन आलो! आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मला ओढूनच शिनशूच्या डोंगरात नेलं. ताई, काय रंग होता! तुझ्या लग्नातला किमोनो कुणी अख्ख्या डोंगरावर पसरून ठेवावा, तसा. आमचे म्हातारे एरवी गुडघ्यांवरून रडतात, पण तिथे पोरांसारखे पुढे पळत होते. मी आपला भाताचे गोळे खात मागे बसलो, आणि सुखाने बसलो.

दुकान बंद केल्याचं तू विचारलंस. काही नाही गं, हात थरथरतो. घड्याळजीचा हात थरथरला की संपलं. तब्येत ठणठणीत आहे. गावी येणं यंदाही जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की.

वाटेवरचं सगळ्यांत लाल मेपलचं पान तुझ्यासाठी तोडलं. वहीत दाबून सोबत पाठवतोय.

तुझी माया आहे तशी राहू दे.
केंसाकु


तोचिनाई गाव,
१२ ऑक्टोबर

चि. केंसाकुस,
अ. उ. आ.

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजवा हात तुझ्या पानामुळे कोपरापर्यंत उतलाय. अरे शिकाऱ्या, शिकार माझीच केलीस की! मेपल म्हणून तू उरुशीच्या विषारी वेलीचं पान पाठवलंस, तीन टोकांचं!

पहिल्या दिवशी मी हसले. शेजारच्या किसेला दाखवलं, तर ती म्हणाली, शहराचं पाणी प्यायलं की माणूस आपली आईसुद्धा ओळखत नाही. बाबांनी जन्मभर रोगणासाठी उरुशीचा चीक काढला आणि त्यांचा मुलगा हे पान लिफाफ्यात घालून पाठवतो, याची गंमत गावभर झाली.

मग माझं हसू थांबलं. चार वर्षांचा असताना तू लांबूनच ओरडायचास, ताई तिकडे नको, उरुशी आहे. तुला कधी काही व्हायचं नाही आणि मी दरवेळी सुजायची, म्हणून तू खिंडीच्या वाटेत माझ्यापुढे चालायचास. तो मुलगा मला हे पान पाठवणार नाही. मी तुझी वर्षभराची पत्रं काढून पाहिली. अक्षर महिन्यामहिन्याला मोठं होत गेलंय, ओळी एकमेकींवर चढल्यात. थरथरणाऱ्या हाताचं अक्षर असं नसतं.

केंसाकु, तुझ्या डोळ्यांना काय झालंय? सगळं खरं लिही.

तुझी काळजी वाहणारी,
योने


नागोया,
१६ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे लहानपणीही खोटं टिकायचं नाही. हाताबद्दल क्षमा कर. तुला मीच ते पाठवलं, या विचाराने जेवण गेलं नाही.

दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं, तेच पुसलं जातं. घड्याळाकडे बघितलं की काटे गायब, माणसाकडे बघितलं की तोंड गायब. तुझं पत्र भिंगाखाली धरून दोन दिवसांत वाचलं. डॉक्टर म्हणतात, पूर्ण अंधार होणार नाही, पण गेलं ते परत येणार नाही. रंगाबद्दल मागच्या पत्रात लिहिलं, त्यातलं निम्मं शेजारच्यांनी सांगितलेलं होतं. मी मान खाली घालून भात खात होतो.

आता गावी येऊन काय बघू? जे बघायला यावं तेच दिसणार नाही. शिवाय खिंडीच्या वाटेवर तुला माझं ओझं. आग्रह करू नकोस.

रागावू नकोस, एवढंच मागणं.
केंसाकु


तोचिनाई गाव,
१९ ऑक्टोबर

चि. केंसाकुस, आ.

भिंग लागू नये म्हणून जाड कुंचल्याने लिहितेय.

उबा खिंडीतली पानं चोवीस तारखेला भरात येतील. एकाहत्तर वर्षांची झाले, अजून या अंदाजात चुकले नाही. तेवीस तारखेला बस थांब्यावर उभी राहीन. आला नाहीस तर नागोयाला येऊन कान धरून आणीन.

वाटेत या वेळी मी पुढे.

योने


नागोया,
३० ऑक्टोबर

ती. ताईस,
केंसाकुचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. किसेबाईंना सांग, त्यांचं मश्रूमचं सार अजून जिभेवर आहे आणि माझ्या आईला मी ओळखतो.

परतीच्या अख्ख्या प्रवासात एकच गोष्ट घोळत होती. खिंडीत पोचल्यावर मी जिथे बघेन तिथलं झाड पुसलं जात होतं आणि मी चिडत होतो. तेव्हा तू समोर येऊन उभी राहिलीस आणि दटावलंस की माझ्या तोंडाकडे बघ. बघितलं, तर तुझं तोंड गेलं. पण ताई, तुझ्या भोवतीने सगळा डोंगर उभा राहिला! डावीकडे बीचचं पिवळं, उजवीकडे दरीपर्यंत उतरलेलं लाल, वर हिरवेगार देवदार. मी ओरडलो की डोंगर दिसतोय, पण तू दिसत नाहीस. त्यावर तू म्हणालीस, माझं तोंड तुला पाठ आहे, तू डोंगर बघ.

आणि तू अर्धा तास तशीच उभी राहिलीस, डोंगराकडे पाठ करून. तुझ्या वर्षाच्या शिकारीचा तो दिवस, आणि तू काहीच बघितलं नाहीस. हे मला बसमध्ये लक्षात आलं आणि मी लहान मुलासारखा रडलो.

म्हणून सोबत एक पान पाठवतोय. कोटाच्या खिशात सापडलं, कधी शिरलं कोण जाणे. डोळ्यांना दिसलं नाही. आई शिकवायची तसं, मुळाक्षरं म्हणत टोकांवरून बोट फिरवलं. सातव्या अक्षराला शेवटचं टोक आलं. तीन नव्हे, मेपलची सात. तरी खात्री वाटेना म्हणून तीनदा मोजलं.

हातमोजे न घालता लिफाफा उघड.

पुढच्या वर्षीही तेविसाला बस थांब्यावर ये.
तुझा केंसाकु