टेबल टेनिसच्या पंचांना टॉवेल-टोपी

डिंडोली, सुरत
मंगळवार

तीर्थस्वरूप छगनभाऊ यांच्या पायांवर उखाचं डोकं. तुमच्या बहिणीचाही नमस्कार, ती स्वयंपाकघरातून ओरडून सांगते आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल लावता, की बाटली कपाटात ठेवून लांबूनच हात जोडता? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे कळलं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसत असेल, तेव्हा तुम्ही जरा जपून राहा. आमच्याकडे सर्व ठीक. (पूर्ण ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीलाच तसं लिहिणं बरं दिसत नाही.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही माझं निम्मं ऐकता आणि अमळनेरात दुप्पट सांगता. शिवाय हे प्रकरण मला शांतपणे, अगदी पहिल्यापासून सांगायचं आहे, कारण घरात मला कुणी पहिल्यापासून बोलूच देत नाही.

तर आपली योगिता, धर्मेंद्रची मुलगी, टेबल टेनिस खेळते हे तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही मागे लग्नात तिला ‘कॅरम कसा चाललाय’ असं विचारलं होतं. ती अजून विसरलेली नाही.) चार वर्षं झाली, धर्मेंद्र हजीऱ्याला कामावर जातो आणि सूनबाई वर्षा रोज संध्याकाळी स्कूटरवर पोरीला प्रॅक्टिसला नेते. परवा रविवारी तिची सेमीफायनल होती. जी जिंकेल ती जिल्ह्याच्या संघात जाणार. तिच्या वयाच्या गटातलं हे शेवटचं वर्ष, म्हणजे आत्ता नाही तर या गटात कधीच नाही. पोर आठ दिवस नीट जेवली नव्हती. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे मला सगळं समजत होतं हे तुमच्या लक्षात येईल.

सामना मोठ्या इनडोअर स्टेडियममध्ये. भाऊ, ते एकदा पाहायला पाहिजे. एवढं थोरलं छत, आणि मध्ये खांब म्हणून नाही. मी पहिली दहा मिनिटं वरच पाहत होतो, मान अवघडली तेव्हा खाली पाहिलं. तिथे एका आठवड्यात गाण्याचा कार्यक्रम होतो, दुसऱ्या आठवड्यात कुस्त्या, तिसऱ्यात कसलं तरी संमेलन. खुर्च्यांच्या फटीत अजून चंदेरी कागदाचे तुकडे अडकलेले होते, आदल्या शनिवारच्या गाण्यातले. टेबलाखाली जी लाल चटई अंथरली होती तिचा रंग मात्र मला पटला नाही. पलसाण्याच्या मिलमध्ये मी एकतीस वर्षं कलर मास्तर होतो, असला लाल मी दुसऱ्या धुण्यालाच परत पाठवला असता. आत गारवा इतका की मी मफलर काढून कानाला गुंडाळला. तुमची बहीण म्हणाली, लोक बघतात. मी म्हटलं, बघू दे, तिकीट नाहीये.

आता मुख्य गोष्ट. सामन्याला अर्धा तास होता म्हणून मी चहाला बाहेर आलो, तर एक तरुण गृहस्थ, निळा कोट, छातीवर बिल्ला, कोपऱ्यात उभा राहून फोनवर आईला येतो म्हणून हळू आवाजात सांगतो, “हाऊ, येस ना माय.” भाऊ, तुम्हीच सांगा, परमुलखात अहिराणी कानावर पडली आणि आपण चहा पीत गप्प राहिलो तर आपल्याला माणूस कोण म्हणेल? मी विचारलं, “तुमनं गाव कोनतं?” तो म्हणाला, पारोळा. आडनाव बोरसे, नाव नितीन, इथल्या एका शाळेत मास्तर. मी विचारलं, पारोळ्याचे कोणते बोरसे? पुढे दहा मिनिटांत निघालं असं की या नितीनची सख्खी आत्या म्हणजे आपल्या वहिनींच्या मावसभावाची बायको. तुमच्याच घरचं नातं. तो बिचारा घड्याळाकडे बघत होता, पण मी त्याला सोडला नाही. शेवटी तो म्हणाला, काका, मला जायला हवं, मी सामन्याचा पंच आहे. कोणत्या सामन्याचा, ते विचारलं. आपल्याच.

मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. परत येऊन बसलो तर शेजारी योगिताविरुद्ध खेळणाऱ्या मुलीचे वडील, ललितभाई, स्वभावाने अगदी सज्जन. त्यांनी मला खाकरा दिला. आता खाकरा घेऊन गप्प बसणं बरं नाही, म्हणून मी त्यांना आनंदाची बातमी सांगितली, “अम्पायर तो अमारा घरना ज छे.” त्यांनी पुढचा खाकरा मला दिला नाही, पण त्या वेळी माझ्या ते ध्यानात आलं नाही.

सामना सुरू झाला. पहिला गेम आपण घेतला, दुसरा त्यांनी. या खेळात दर सहा पॉइंटांनंतर मुली टॉवेलने तोंड पुसतात. तसा तो नियमच आहे, पंच हाताने खूण करतो. इकडे टॉवेल, तिकडे टॉवेल, आणि मधे उंच खुर्चीवर आपला पाहुणा रिकाम्या हाताने बसलेला. मला ते कसंसंच झालं. तुम्हाला तर रीत ठाऊक आहे, नवं नातं निघालं की पहिल्या भेटीत टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा, नाहीतर माणूस जन्मभर बोलून दाखवतो. आणि योग असा की सामान जवळ होतं! संध्याकाळी आम्हाला उधन्याला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून तुमच्या बहिणीच्या पिशवीत टॉवेल, टोपी, नारळ, सगळं तयार. (ती झोपली नव्हती, फक्त वर्षाशी बोलत होती. पिशवी मी तिला न विचारता घेतली हा आरोप तेवढा खरा आहे.)

खाली दोरीपाशी एक रखवालदार होता. तो सोडेना. त्याला गाव विचारलं. भटू, शिंदखेड्याचा. त्याने दोरी वर धरली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्या मोठ्या पडद्यावर ते सगळ्या सुरतेने पाहिलं आहे. तिसऱ्या गेमला सहा पॉइंट झाले, मुली टॉवेलकडे वळल्या, मी टेबलाभोवती लावलेल्या मांडीएवढ्या पाट्या ओलांडून आत गेलो, नितीनच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात नारळ दिला. तो इतका गांगरला की त्याने खुर्चीवरून उतरून माझ्या पाया पडायला सुरुवात केली. संस्कार, भाऊ. शहरात राहूनही पोरगा विसरला नाही. वर पडद्यावर आम्ही दोघं हत्तीएवढे दिसत होतो. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, त्यांना वाटलं समारंभ आहे. फक्त योगिता टॉवेलमध्ये तोंड घालून उभी होती, ते काही केल्या बाहेर काढेना. टॉवेलमधूनच म्हणाली, “आप्पा, बेसी जाओ ने.” मी जाऊन बसलो. मी काही हट्टी माणूस नाही.

त्यानंतर नितीनने आपल्या पोरीच्या तीन सर्व्हिस फाऊल दिल्या. तीन! नात्यातला माणूस असून. तरी ती पाचव्या गेममध्ये जिंकली. मी उभा राहिलो, ओरडलो, मला रडू आलं हे कबूल करतो. आणि तेवढ्यात ललितभाई आयोजकांकडे गेले. म्हणाले, पंच मुलीच्या नात्यातला आहे आणि त्याने भर सामन्यात भेट घेतली आहे.

आयोजकांनी मला आत बोलावलं. तीन माणसं, चहा वगैरे दिला. विचारलं, पंच तुमचे नातेवाईक आहेत का? आता योगिता म्हणते, तिथे नाही म्हणायचं होतं. वर्षा म्हणते, निदान गप्प बसायचं होतं. मी काय केलं? कागद मागितला आणि नातं काढून दाखवलं, आत्या, मावसभाऊ, वहिनी, तुम्ही, तुमची बहीण, मी, धर्मेंद्र, योगिता, बाणांसकट. पाऊण तास लागला. एकाला तर इतका रस आला की त्याने स्वतःच्या बायकोचं माहेर विचारलं. तो कागद त्यांनी फाइलला लावला. निकाल राखून ठेवला आहे. शनिवारी ठरवणार, जिंकलेला सामना राहतो की जातो.

घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोलत नाही. योगिता बोलते, पण ‘आप्पा, मीठ द्या’ एवढंच. भाऊ, मला मनातून फार वाईट वाटतं. चार वर्षं त्या पोरीने घाम गाळला आणि मी एका टॉवेलात सगळं पुसून टाकलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

आपला,
उखा

ता. क. एक लहानसं काम होतं, म्हणूनच खरं तर पत्र लिहिलं. नातं तुमच्या घरावरून जातं, तेव्हा तुमचा शब्द शेवटचा. एका कागदावर एवढंच लिहून पाठवा की आमचं आणि पारोळ्याच्या बोरशांचं काही नातं नाही, उखाने वयोमानामुळे घोळ केला. वयोमानामुळे हे नक्की लिहा. आणि मला ‘दाजी’ लिहू नका, ‘श्रीयुत’ लिहा, म्हणजे तुमचंही माझ्याशी फारसं नसल्यासारखं दिसेल. शुक्रवारपर्यंत कुरिअरने यायला हवं. वहिनींना वाचून दाखवू नका, माहेरची गोष्ट आहे.

दुसरा ता. क. मामाआजोबा, मी योगिता. आप्पांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. मी वाचलं. माझं मराठी लिहिताना चुकतं, समजून घ्या. तो कागद तुम्ही लिहू नका. नातं आहे, आणि आप्पांनी काढलंय ते बरोबर आहे असं आजी म्हणते. मी आज आयोजकांना जाऊन सांगितलं की मला सामना परत खेळू द्या, दुसरे पंच ठेवा. ते हो म्हणाले, ललितअंकलपण हो म्हणाले. येत्या रविवारी सकाळी आहे. नितीनसरांवर काही आलं नाही, नारळ त्यांनी परत दिला.

तुमच्याकडे माझंही एक काम आहे. रविवारी आप्पांना तिकडे बोलावून घ्या. गुडघा दुखतो म्हणा, काहीही म्हणा. ते हॉलमध्ये असले की मी बॉल सोडून त्यांच्याकडेच बघते. हे मला त्यांच्या तोंडावर सांगता येत नाही, कारण त्या दिवशी मी जिंकले तेव्हा एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये रडत होते ते एकटे आप्पाच. सामना संपला की मी तुमच्या नंबरवर फोन करेन. जिंकले तरी करेन, हरले तरी करेन. तुम्ही उचलू नका, त्यांना उचलू द्या.