डब्यातले आकडे

दि. ३ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू पाठवलेली तार लॅपटॉपला जोडून आईच्या श्वासाच्या यंत्रामागचा बाबांनी बनवलेला चार्जरचा डबा वाचला. दोन तारांवरून आतल्या चिपला तिच्या पत्त्यावर हाक मारायची, तिनं ओ दिली की तिच्या एकेका खान्यात साठवलेला चार्जिंगचा आकडा मागायचा. पहिली ओ आली तेव्हा अंगावर काटा आला, हसू नकोस. सगळे आकडे मागच्या पानावर उतरवलेत.

बॅटरी फुगली आहे. वीज गेल्यावर यंत्र मध्येच बंद पडलं तर आईचं काय, म्हणून बदलायला निघाले, तर आई हात लावू देत नाही. बाबांनी स्वतः लिहिलेले आकडे त्यात आहेत, बॅटरी काढली की जातील, म्हणते. बाबांना जाऊन सहा महिने झाले, पण रोज सकाळी डब्याशेजारी बसून त्यांच्याशी बोलते. मला त्या खोलीत जायची भीती वाटते रे.

लोभ आहेच, लवकर उत्तर दिलंस तर वाढेलही.

तुझी चिमणी

दि. ९ ऑक्टोबर

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

तुझे आकडे माझ्याकडे असलेल्या बाबांच्या वहीशी ताडून पाहिले. एकही जुळत नाही. हे कारखान्यातून येतात ते आकडे आहेत. वीज आणि बॅटरी दोन्ही एकदम काढली की चिप लिहिलेलं सगळं विसरते. बाबांनी चार्जिंगची मर्यादा मुद्दाम कमी ठेवली होती, बॅटरीवर ताण नको म्हणून. ती मर्यादा गेली आणि बॅटरी फुगली. मध्ये कुणी वीज आणि बॅटरी दोन्ही काढली होती का?

वहीतले आकडे सोबत पाठवतोय. बॅटरी पत्र मिळताच बदल आणि ते परत लिही. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस. ती रिकाम्या डब्याशी बोलतेय, हे मलाच सहन होत नाही.

स्वतःला जप, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा दादा

दि. १६ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

मीच काढली होती दोन्ही. बाबा गेल्यावर आठवड्यानं, आई तपासणीला गेली असताना, डब्यातली धूळ पुसायला. आवरायची हौस दांडगी ना माझी!

तुझं ऐकलं नाही. आईला सगळं सांगितलं आणि खूप रडले. तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. बाबांचे आकडे होते तोवर बॅटरी भरून चार्जिंगचा दिवा सकाळी अकराला विझायचा, नंतर बारा वाजू लागले. मी स्वतःला कधीच माफ करणार नाही हे ती ओळखून होती. म्हणून आकडे आहेत असंच भासवत माझ्यादेखत डब्याशी बोलत राहिली, म्हणूनच बॅटरीला हात लावू देत नव्हती.

बॅटरी बदलली. आकडे लिहिले, परत वाचून पाहिले, तंतोतंत आहेत. काल दिवा अकराला विझला.

मग आईनं मला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मला दाखवायला बोलायची गरज आता उरली नव्हती, तरी आतून तिचा आवाज येत होता. एक वाक्य बोलायची, बराच वेळ थांबायची, मग हं म्हणायची.

दादा, तू ये. मला एकटीला हे ऐकवत नाही.

तुझी चिमणी