आईला पाच अक्षरं पुरली

बाबा, वरच्या मजल्यावरच्यांनी नवा एसी बसवलाय आणि त्याचं पाणी आमच्या खिडकीच्या पत्र्यावर ठिबकतं. सोसायटीकडे मी रीतसर अर्ज केलाय, पण खरा अर्ज तुमच्या नावे करायला हवा होता. इतरांना त्या आवाजाचा नुसता वैताग येतो. मला तो वाचता येतो. एक थेंब म्हणजे ई, लागोपाठ तीन पडले की एस, पाच पडले की आकडा पाच. दुपारभर तो पत्रा मला असल्या निरर्थक तारा पाठवत बसतो आणि त्या न वाचण्याची सोय तुम्ही माझ्या डोक्यात ठेवलीच नाहीत. माणसं मागे दागिने ठेवतात, जमीन ठेवतात. तुम्ही खाज ठेवलीत.

उल्हासनगरच्या तार ऑफिसातून अंबरनाथला घरी आलात की तुम्ही हात धुऊन ताटावर बसायचात आणि माझी मोर्सची, म्हणजे तारेच्या टकटक लिपीची, शिकवणी सुरू व्हायची. ताटाच्या कडेला नखाने टक केलं की ठिपका, नख ओढलं की रेघ. चुकले की माझ्या कानाची पाळी तुमच्या चिमटीत. "हे आलं की जगात कुठेही उपाशी मरणार नाहीस," म्हणायचात. पुढे तारा बंद झाल्या, तुम्हीही गेलात, आणि मी पोट भरते ते वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून. म्हणजे शिकवणी तशी फुकट गेली नाही. कारण मला अक्षरं लागायला लागल्यावर तुम्ही पाठवलेला पहिला अख्खा शब्द होता के, एच, ए, आर, ए, टी. खारट. आई समोर उभी राहून आमटी वाढत होती. मी फिस्सकन हसले, तुम्ही मिशीत हसलात. "काय झालं?" आईने विचारलं. "अभ्यास," तुम्ही म्हणालात.

मग तो अभ्यास रोजचाच झाला. आईच्या माहेराहून, चामटोलीहून, मामा नवा तांदूळ घेऊन येतो तो दिवस मला अजून दिसतो. तो मांडी घालून जेवतोय, बोटं चाटतोय, आणि तुम्ही त्याच्या नाकासमोर ताटावर ठोकताय: गावठी. बहीण-भाऊ दोघंही गावठी. मामा भाबडेपणाने म्हणतो, "दाजी, ताट काय वाजवता, भात हवा का अजून?" त्या दिवशी मला हसू आलं नाही, आणि तुम्ही माझा कान पिळलात, मला वाचता आलं नाही असं वाटलं तुम्हाला.

त्याच दिवशी मी ठरवलं, ही विद्या माझ्यापाशी संपवायची. मागे एकदा माझा मुलगा म्हणाला, "मम्मी, मोर्सचं ॲप आहे, भारी आहे, शिकू का?" मी म्हटलं, "काडीचा उपयोग नाही त्याचा. त्यापेक्षा वरण-भात शीक." तुमचा सूड घ्यायला मला एवढंच पुरेसं वाटत होतं.

पण आईला ऐकू येईनासं झालं. उल्हासनगरच्या दुकानात शेठने तिच्या कानात यंत्र बसवलं, "अम्मा, ब्लूटूथ भी है, भजन सीधा कान में!" आईने ते आठवडाभरात मसाल्याच्या डब्यात ठेवून दिलं. आणि एके दिवशी माझ्या इथे, बेलवलीच्या घरात, शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मला ते तुमचं टकटक शिकव."

"आता? कशाला? मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते की!" मी ओरडून म्हटलं.

"तू दाखवशील ते तुझं. ते काय म्हणायचे, ते माझं मला वाचायचंय. इतकी वर्षं माझ्याच पुढ्यात बसून हसलात दोघं."

मी तिच्या तळहातावर शिकवलं. बोट टेकलं की ठिपका, ओढलं की रेघ. इंग्रजी अक्षरं तिला जेमतेम येत होती, पण तिला सगळी नकोच होती. तुमच्या पहिल्या शब्दापुरती पाच पुरली, ए दोनदा येतो. ज्या दिवशी मी तळहातावर उमटवलेला तुमचा तो खारट शब्द तिने स्वतः जुळवला, त्या दिवशी हात माझ्या हातात तसाच राहू दिला. "एवढंच?" म्हणाली.

इथे चांगल्या मुलीने थांबायचं असतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन "गावठी"सुद्धा सांगितलं, मामासकट. वरच्या एसीवाल्यांनाही ऐकू गेलं असेल. आई पुन्हा शेंगा सोलायला लागली.

मग पितृपक्षात तुमची तिथी आली. आईने आमटी केली, तुमची वाटी वेगळी काढली आणि तीत मीठ घातलं. एक चमचा, दुसरा चमचा, मग मूठच.

"आई!"

"गप. त्यांची तक्रार खोटी पडायला नको."

तुमच्या फोटोपुढे ताट ठेवलं, खाली बसली, आणि ताटाच्या कडेवर नखाने सावकाश, एकही अक्षर न चुकता, तुमचा शब्द तुम्हाला परत पाठवला. शेवटच्या टीची रेघ तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. "पोचलं का गं?" मी मान हलवली. आजच्या काळात मोर्स शिकावं का, असं कुणी विचारलं तर आता माझं उत्तर बदललंय: घरात एखादा हिशेब बाकी असेल तर जरूर शिकावं.

आई आडवी झाली. पितराचं ताट घरच्याच कुणीतरी खायचं असतं, ते टाकत नाहीत. मी बसले आणि ती वाटी पाण्याचा घोट न घेता संपवली. तिच्या समोर फिस्सकन हसले होते, त्याचं काहीतरी देणं लागत होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण एक गोष्ट आईला अजून सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते. त्या सगळ्या वर्षांत, बाबा, आमटी एकदाही खारट नव्हती.