पाचाचं नाणं

ता. ४ जानेवारी
ती. ताईस सा. न.
फोनवर आई ऐकते, म्हणून लिहितोय. आजारातून ती सावरली. हात-पाय चालतात, जिभेची धार तर जशीच्या तशी आहे. पण पैशांचा हिशेब पार विस्कटलाय. पाचाचं नाणं काय नि एकाचं काय, तिच्या लेखी दोन्ही एकच. जन्मभर गुंड्या, रिळं, लेस विकलेली बाई, परवा एका गिऱ्हाइकाला त्याने दिले त्याहून जास्त पैसे परत देऊन बसली. भला माणूस, म्हणून आणून दिले.

शेजारचे शिंपीकाका एक तारखेपासून दुकान भाड्याने घ्यायला तयार आहेत. आईला सांगायला जीभ रेटत नाही.

त्यात आमच्या छकुलीची काळजी. तू सुचवलंस तसं तिला खरी नाणी देऊन आईबरोबर दुकान-दुकान खेळायला बसवतो. पाच वर्षांची पोर, चांगली मोजत होती. आता तीही पाचाच्या नाण्याला एकच म्हणते. आजीचं बघून बिघडली की काय? खेळ बंद करू का?
रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ

ता. १२ जानेवारी
चि. भाऊस अ. आ.
खेळ मुळीच बंद करू नकोस. लहान मुलांना नाण्यांची संख्या दिसते, किंमत दिसत नाही. माझ्या बालवर्गात पाच सुटी नाणी घेऊन पाचाचं एक दिलं, तर निम्मा वर्ग भोकाड पसरतो. त्या नाण्याशेजारी पाच गुंड्या मांड आणि बोट लावून मोजायला सांग. आईलासुद्धा.

पण पक्कं आलेलं असं अचानक जात नाही रे. आई जवळ नसताना छकुलीला विचारून बघ, आणि ओरडू नकोस. सातच्या पाढ्याला तुझं पोट दुखायचं, ते मी विसरलेले नाही.

दुकान आईचं आहे. तिच्या पाठीमागे ठरवणं मला पटत नाही. वाईट वाटलं तर वाटू दे.
तुझीच, ताई

ता. ३० जानेवारी
ती. ताईस सा. न.
काल आई झोपलेली असताना स्वयंपाकघरात दुकान मांडलं. चमच्याची किंमत सात सांगितली. पोरीने पाचाचं एक आणि एकाची दोन नाणी सरकवली, वर पावती मागितली. मग आजीसमोरच कशी चुकतेस, असं विचारलं. म्हणाली, ती स्वतः चुकली की मी पुन्हा मोज म्हणतो, आणि आजी चुकली की राहू दे म्हणून तिच्या हातातले पैसे काढून घेतो. दोघी चुकल्या की आजीलाही पुन्हा मोजायला मिळतं.

ताई, मी चमचा हातात धरून तसाच बसलो. मला वाटत होतं, मी आईला जपतोय. फार लाज वाटली. आज तिला सगळं सांगणार आहे.
आशीर्वाद पाठव, आज गरज आहे.
भाऊ

ता. ९ फेब्रुवारी
चि. ताईस अनेक आशीर्वाद.
अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. तुझ्या भावाने सगळं सांगितलं, शिंपीकाकांचंही. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग म्हटलं, दुकान उघड. शिंपीकाकांना त्याने तूर्त नाही म्हणून कळवलंय.

गल्ल्यापाशी पाच गुंड्या दोऱ्यात ओवून टांगल्यात. छकुली आता एकदाही चुकत नाही. उलट मलाच दटावते.

काल एक बाई घाईघाईने आल्या. तीन रुपयांचं रीळ घेतलं, दहाची नोट दिली. गल्ल्यात माझा हात अडखळला. तुझा भाऊ पुढे झाला. वाटलं, आता राहू दे म्हणणार. माझं तोंड उतरलंच होतं. पण त्याने हात मागे घेतला आणि त्या बाईंना म्हणाला, जरा थांबावं लागेल, आई मोजते आहे.

त्या थांबल्या. मीही घाई केली नाही.
तब्येतीला जप.
तुझी आई